न दुखणारं दुखणं
(काचबिंदू सप्ताहानिमित्त वस्तीतल्या महिला मंडळात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं काम करते. त्यामुळे मला डोळ्यापेक्षा डोळ्यामागचं घरच जास्त दिसतं.

मोतीबिंदू आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ऑपरेशन झालं की दिसायला लागतं, म्हणून घरचेही तयार होतात. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, त्याचाही भर अनेक वर्षं मोतीबिंदूवरच राहिला. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस यात हळूहळू निकामी होते. बहुधा डोळ्यातला दाब वाढलेला असतो, पण नेहमीच नाही. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत राहतं. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, औषधाने फक्त उरलेली राखायची. हे थेंब बहुधा जन्मभर घालावे लागतात.

आता घरात काय होतं ते बघा. आमच्याकडे एक बाई येतात, तीन घरी पोळ्या करतात. महिन्याची कमाई सहा हजार. थेंबांच्या दोन बाटल्यांना महिन्याला साडेपाचशे रुपये लागतात, म्हणजे वर्षाचे सहा हजार सहाशे. वर्षातला एक अख्खा महिना त्या फक्त थेंबांसाठी राबतात! शिवाय तपासणीला यायचं तर रिक्षा, त्या दिवशीचा खाडा, आणि बाहुली मोठी करायचं औषध घातल्यावर अंधुक दिसतं म्हणून सोबत आलेल्या मुलाचाही खाडा. आपल्याकडची महात्मा फुले योजना ऑपरेशनच्या वेळी उपयोगी पडते, पण रोजच्या थेंबांचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

मध्यंतरी तपासणीत त्यांची नजर आणखी कमी झालेली निघाली. मी विचारलं, "ताई, थेंब नियमित घालता ना?" आधी हो म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एक बाटली दोन महिने पुरवते. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या चुकवून चालत नाहीत. आणि थेंब घालून तरी काय, जास्त दिसत थोडंच?"

या एका वाक्यात सगळं आलं. फायदा दिसत नाही, दुखणं जाणवत नाही, आणि औषध बाईचं. मग काटकसरीत पहिली कात्री त्याच बाटलीला लागते. नवऱ्याच्या गोळ्या बंद करायचं त्यांच्या मनातही आलं नाही. स्वतःचे थेंब मात्र कुणी न सांगताच त्यांनी अर्ध्यावर आणले. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय.

पैशाखेरीज दुसरंही ओझं आहे. कडेचं दिसत नाही म्हणून त्यांचा धक्का लागून भांडं पडतं, उंबऱ्याला ठेच लागते. घरचे म्हणतात, वेंधळी झाली. दोन वर्षं त्या स्वतःलाही वेंधळीच समजत होत्या. आणि आजार कळल्यावर पहिली काळजी कसली? तर मुलीच्या लग्नाची. हा आजार घराण्यात येऊ शकतो हे खरं, म्हणूनच मुलांची, भावा-बहिणींची तपासणी व्हायला हवी. पण स्थळ मोडेल या भीतीने आई आपला आजार लपवते, आणि मुलीची तपासणी राहूनच जाते.

काचबिंदूचा एक प्रकार अचानक उसळतो. डोळा लाल होऊन असह्य दुखतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. हा प्रकार बायकांत जास्त आढळतो. त्याला पित्त समजून पडून राहू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मग आपण काय करू शकतो? थेंब परवडत नसतील तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यात लाज कसली? स्वस्त औषध चालेल का, लेसर करता येईल का, ते विचारा. जनऔषधी केंद्रात चौकशी करा. दमा असेल तर आधी सांगा, काही थेंब दमेकऱ्यांना चालत नाहीत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा.

आणखी एक. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नुसती नजर नाही, नजरेचा घेरही मोजतात. समोरचं वाचता येतं म्हणून कुणी परत पाठवलं, तर घेर मोजल्याचा कागद पुढे ठेवा.

शेवटी मंडळाला एक सुचवते. पुढच्या महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या आणि घरात काचबिंदू असलेल्या सगळ्याजणी मिळून तपासणीला जाऊ. डोळ्याचा दाब आणि मागची नस, दोन्ही बघून घेऊ. एकटीला घरातून निघणं जमत नाही, दहाजणींना जमतं. त्या पोळीवाल्या ताईही येणार आहेत, आणि या वेळी मुलीला सोबत आणणार आहेत.