ॲडव्हान्स दिला, चित्र कुठे?

२०११ साली दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन भरलं. आज मुंबई, बेंगळुरू, हैदराबादलाही भरतं. टेबलावर तुमच्यासमोर काढलेल्या स्केचचा व्यवहार तिथेच संपतो. भांडण होतं ते ‘नंतर पाठवतो’वर.

माझ्या पलटणीतल्या एका सुभेदारसाहेबांनी शहीद मुलाचं चित्र कॉमिकच्या शैलीत काढायला दिलं. सगळे पैसे आगाऊ. दीड वर्ष झालं, चित्र नाही. चित्रकार लबाड नाही. झेपणार नाहीत इतकी कामं घेऊन बसलाय.

१८७२चा करार कायदा म्हणतो, मुदत ठरली नसेल तर काम वाजवी वेळेत व्हावं. पण ‘वाजवी’ म्हणजे किती, यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? म्हणून तारीख लिहून घ्या. निम्मे पैसे आधी द्या, निम्मे चित्र हातात पडल्यावर.

चित्रकारांनो, कागद तुमच्याही कामाचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे घेऊन काढलेल्या पोर्ट्रेटचा हक्क गिऱ्हाइकाकडे जातो. आणि झेपेल तेवढंच काम घ्या. सुभेदारसाहेबांनी भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय. तो अजून रिकामा आहे.

जय हिंद.