इलेक्ट्रॉनचा दुसरा गुण

इलेक्ट्रॉनला विद्युद्भार असतो हें शाळकरी मुलेंही जाणतात. परंतु तोच कण इवलासा लोहचुंबकही असतो, या गुणाकडे यंत्रकारांनीं फार दिवस कानाडोळा केला. १९८८ सालीं फ्रान्समधील आल्बेर फेर यांनीं लोखंड व क्रोमियम यांचे कांहीं अणूंएवढ्या जाडीचे थर एकावर एक चढविले. लगतच्या लोखंडी थरांचीं चुंबकत्वें परस्परविरुद्ध असतां वीज अडखळे. बाहेरून चुंबक लावून तीं एकमुखी केलीं कीं, अतिशीत अवस्थेंत, विजेचा रोध जवळजवळ निम्म्यावर येई. जर्मनींत पेटर ग्रूनबेर्ग यांनाही स्वतंत्रपणें हेंच दिसलें; फरक मात्र दीड टक्काच! पण तो नेहमींच्या उष्णमानांत. माझ्या मतें या दीड टक्क्याचें मोल अधिक. ग्रूनबेर्ग यांनीं तें ओळखून पेटंटही घेतलें. १९९७ सालीं याच तत्त्वावरील वाचक-शीर्ष संगणकाच्या चकतीवर बसलें. २००७ सालीं दोघांना नोबेल पारितोषिक मिळालें.