मोरीचे दात

शार्क म्हटला की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहतात ते त्याचे दात. कोकणातले कोळी ज्यांना मुशी किंवा मोरी म्हणतात, त्याच कुळातला हा मासा. याच्या अंगात हाड असे नाहीच. सारा सांगाडा कूर्चेचा. दात हिरडीत बसलेले असतात. पुढच्या रांगेतला एक गळाला, की मागचा सरकून त्याची जागा घेतो आणि हा क्रम जन्मभर चालतो. दंतवैद्याचे बिल भरणाऱ्या आपणांस हेवा वाटावा असाच हा प्रकार!

प्रशांत महासागरातील गिल्बर्ट बेटे आज किरिबाटी राष्ट्रात मोडतात. प्रवाळाची ती भूमी. तेथे धातू कुठला? म्हणून तेथील लोकांनी या दातांना बारीक भोके पाडली आणि काथ्याने व माणसाच्या केसांनी ते लाकडाच्या कडांवर ओवून तलवारी, खंजीर, भाले सिद्ध केले. अंगावर काथ्याचेच चिलखत, मस्तकी काटेरी माशाच्या कातड्याचे शिरस्त्राण! या कारागिरीला कोणी रानटी म्हणेल, तर ते मला मान्य होणार नाही.

यांतील शंभराहून अधिक हत्यारे शिकागोच्या फील्ड संग्रहालयात आहेत. त्यांवरील दात ज्ञात जबड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा आठ जातींचे शार्क ओळखता आले. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. नवल असे, की त्यांपैकी 'डस्की' व 'स्पॉट-टेल' या दोन जातींची त्या बेटांच्या समुद्रात कोठेच नोंद नव्हती. दात दूरदेशीच्या व्यापारातून आले असावेत, हा तर्क संशोधकांना संभवनीय वाटला नाही. म्हणजे शास्त्रज्ञ वही घेऊन पोहोचण्यापूर्वीच हे मासे तेथून नाहीसे झाले असावेत. साक्ष उरली ती तलवारीच्या धारेवर. यांतली स्पॉट-टेल आपल्या किनाऱ्यावर अजून सापडते, हेही सांगितले पाहिजे.

शार्कच्या दाताने दगावणारी माणसे बहुतेक वर्षी बोटांवर मोजण्याइतकीच असतात. उलट, खुल्या महासागरांतील शार्क व पाकट यांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले. कारण अतोनात मासेमारी. त्यात परांच्या सारासाठी चाललेला व्यापारही आलाच. पर छाटून धड समुद्रात फेकण्यास आपल्या देशात २०१३ साली मनाई झाली आणि २०१५ साली परांची निर्यात थांबली. संरक्षित जाती वगळता, अख्खा मासा किनाऱ्यावर आणण्यास आडकाठी नाही. मालवणच्या चुलीवर मोरीचे कालवण आजही रटरटते आहे.