सोळा किलोमीटरच्या पलीकडे



पिंपळनेरच्या साहित्य संमेलनात अणुकचरा आणि आपत्कालीन नियोजन हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी नकाशा पाहावा. आपली पांझरा धुळ्यावरून जाऊन तापीला मिळते, तापी उकाईच्या जलाशयात शिरते आणि उकाईच्या खाली काकरापारचा बंधारा लागतो. त्याच परिसरात काकरापारचे अणुवीज केंद्र आहे. १९९३ आणि १९९५ साली तिथे प्रत्येकी २२० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. २०२३ आणि २०२४ मध्ये प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांनी व्यापारी उत्पादन सुरू केले. एकूण क्षमता १८४० मेगावॉट. सरळ रेषेत मोजले तर नवापूर तिथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि पिंपळनेर सुमारे ८५ किलोमीटरवर. महाराष्ट्रात अणुऊर्जेचा विषय निघाला की तारापूर आणि जैतापूरची नावे येतात. खानदेशाच्या सर्वांत जवळचे केंद्र राज्याच्या सीमेपलीकडे असल्यामुळे आपल्या बोलण्यात ते क्वचितच येते. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की संकटाच्या वेळी ज्यांना काही करायचे आहे त्यांना ते आधीपासून ठाऊक नसेल, तर कपाटात ठेवलेल्या कागदांना योजना म्हणता येत नाही. ही कसोटी वीज केंद्र चालवणाऱ्यांना लागू आहे, तशीच सीमेच्या अलीकडच्या आपल्या प्रशासनालाही.

आधी काकरापारचा पूर्वेतिहास पाहू. जून १९९४ च्या अतिवृष्टीत मोतीचेर तलाव फुगला आणि केंद्राच्या टर्बाइन इमारतीत पाणी शिरले. ही बाब वृत्तपत्राला कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढण्यात आले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. कायद्याच्या दृष्टीने ते प्रकरण तिथे मिटले. आतली माहिती बाहेरच्यांपर्यंत रीतसर कशी पोहोचावी, हा प्रश्न मिटला नाही. १ जुलै २०१५ रोजी दुसऱ्या भट्टीतल्या एका शीतक नळीला गळती लागली. ११ मार्च २०१६ रोजी, म्हणजे फुकुशिमाच्या बरोबर पाचव्या वर्षदिनी, पहिल्या भट्टीतही तसेच घडले. जड पाणी भट्टीच्या इमारतीत गळले, भट्टी आपोआप बंद पडली आणि केंद्राच्या आवारापुरती आणीबाणी जाहीर झाली. नळ्यांना बाहेरच्या अंगाने गंज चढल्याचे तपासात आढळले. दोन्ही भट्ट्यांच्या सर्व नळ्या बदलूनच त्या पुन्हा सुरू केल्या गेल्या. बाहेर गेलेला किरणोत्सर्ग मर्यादेच्या आत होता, असे अधिकृतपणे सांगण्यात आले. संरक्षक व्यवस्थांनी त्या दिवशी आपले काम केले, हे मान्य करायलाच हवे. पण एकाच केंद्रातल्या दोन भट्ट्या वर्षभराच्या आत एकाच तऱ्हेने गळतात, तेव्हा ‘असे होणारच नाही’ हे वाक्य नियोजनाच्या पायात घालता येत नाही.

आता नियोजनाची रेषा कुठे थांबते ते पाहू. आपल्या देशात अणुकेंद्राभोवतीचे आपत्कालीन नियोजन प्रामुख्याने १६ किलोमीटरच्या वर्तुळात केले जाते आणि त्याची जबाबदारी त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांवर असते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे २०१३ चे मार्गदर्शन मात्र मोठ्या भट्ट्यांसाठी आणखी दूरचा विचार करायला सांगते. हवा आणि जमीन तपासून पुढचे निर्णय घेण्याची तयारी १०० किलोमीटरपर्यंत, तर अन्न, दूध आणि शेतमालावर लक्ष ठेवण्याची तयारी ३०० किलोमीटरपर्यंत असावी, असे त्यात म्हटले आहे. ७०० मेगावॉटच्या भट्ट्या या वर्गात मोडतात. म्हणजे पिंपळनेर पहिल्या अंतरात येते, आणि दुसऱ्यात तर धुळे व जळगाव ही दोन्ही शहरे येतात. पावसाळ्याचे वारे अरबी समुद्राकडून आपल्याकडे वाहतात, आणि पावसाच्या सरींबरोबर हवेतले कण जमिनीवर उतरतात. किरणोत्सर्गी आयोडीनचा अर्धायुकाल आठ दिवसांचा असतो. पण तेवढ्या काळात ते गवतावरून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत पोहोचू शकते. अशा वेळी पिंपळनेरच्या माणसाला गाव सोडून पळायची गरज बहुधा पडणार नाही. कोणते दूध आणि कोणती भाजी थांबवायची, किती दिवस, आणि ते मोजणार कोण, हे मात्र त्याला कळले पाहिजे.

कचऱ्याचा प्रश्न याहून वेगळा नाही. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या २२० मेगावॉटच्या एका भट्टीतून पूर्ण क्षमतेवर रोज सुमारे आठ इंधनगुच्छ बाहेर पडतात. ते वर्षानुवर्षे पाण्याच्या टाक्यांत थंड करावे लागतात, म्हणजे अपघाताच्या हिशेबात भट्टीबरोबर या टाक्याही धराव्या लागतात. आपल्या देशाचे धोरण वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्याचे आहे. उरलेला अतितीव्र कचरा काचेत गोठवण्याची आणि देखरेखीखाली ठेवण्याची सोय तारापूरला आहे. या तंत्राला कमी लेखायचे कारण नाही. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेशी तुलना केली तर हा कचरा आकारमानाने अगदी थोडा भरतो, हा अणुऊर्जेच्या समर्थकांचा मुद्दाही खरा आहे. पण राखेचा ढीग डोळ्यांना दिसतो आणि त्यावर भांडता येते. सीझियमचा अर्धायुकाल ३० वर्षांचा, प्लुटोनियमचा २४ हजार वर्षांचा. एवढ्या काळाची जबाबदारी नोंदी उघड ठेवल्याशिवाय पुढच्या पिढीकडे सोपवता येत नाही. फिनलंडने ओल्किलुओतो येथे चारशे मीटरहून अधिक खोल खडकात कायमचे भांडार खोदले आहे. आपल्याकडे तसे भांडार नाही. ते तातडीने उभारण्याची पावले उचलावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने कुडनकुलमच्या निकालात ६ मे २०१३ रोजीच सांगितले होते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल, की हे सारे उघड बोलल्याने लोक घाबरतील. अनुभव नेमका उलट आहे. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे स्फोट झाला. शेजारच्या प्रिपयात शहरातले लोक दुसऱ्या दिवशी दुपारी हलवले गेले, आणि स्वीडनमधल्या उपकरणांनी किरणोत्सर्ग टिपल्यावर सोव्हिएत सरकारने तोंड उघडले. फुकुशिमाजवळच्या नामिए गावचे लोक वायव्येकडे गेले, आणि किरणोत्सर्गाचा ढगही तिकडेच गेला. वाऱ्याचे अंदाज सरकारी यंत्रणेकडे होते, पण ते गावापर्यंत पोहोचले नाहीत. पुढे त्या प्रांतात घाईचे स्थलांतर, तुटलेले उपचार आणि छावण्यांतले हाल यांच्याशी जोडलेले मृत्यू दोन हजारांहून अधिक नोंदले गेले. किरणोत्सर्गाने थेट मेलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. तो दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. अधिकाऱ्यांनी त्यातून मौनाची किंमत ओळखावी. अणुविरोधकांनीही हे ओळखावे, की भीती वाढवून सांगितली तर तीही माणसे मारते. काकरापार अणुबॉम्बसारखे फुटेल, असे सांगणारा माणूस लोकांना सावध करत नाही, दिशाहीन करतो. आपल्याच देशात ओडिशाने १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली. २०१३ च्या फायलिन वादळाच्या वेळी तिथे सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. सरावाने लोक घाबरले नाहीत, वाचले.

दुसरा आक्षेप सुरक्षेच्या गोपनीयतेचा. भट्टीच्या आतली रचना आणि पहाऱ्याची व्यवस्था गुप्तच हवी. पण एसटीच्या गाड्या कुठे थांबतील, आयोडीनच्या गोळ्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहेत, हे शत्रूपासून लपवण्याच्या नादात आपण आशाताईंपासून लपवत असू, तर ती गोपनीयता कोणाच्याही कामाची नाही. तिसरा आक्षेप शक्यतेचा: इतक्या विरळ संकटासाठी इतका खटाटोप कशाला? विरळ संकटाचा स्वतःचा अनुभव कोणाकडेच नसतो, म्हणून तर त्याची तयारी लिहून आणि सराव करूनच करावी लागते. महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात केंद्राबाहेरच्या सरावांतून तयारीचा अपुरेपणा दिसल्याचे नोंदवले होते. आता २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे देशाचे जाहीर उद्दिष्ट आहे. साक्रीच्या माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प पाहणारा कोणी म्हणेल, की अणुवीज नकोच. तो वाद खुशाल व्हावा. मात्र भट्ट्या उद्या बंद केल्या तरी आजवरचा कचरा उरतोच, आणि त्याची काळजी त्या वादाच्या निकालापर्यंत थांबू शकत नाही.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याची योजना असावी लागते. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या योजनांत काकरापारचे स्वतंत्र प्रकरण असावे आणि गुजरातच्या यंत्रणेबरोबर संयुक्त सराव व्हावा. संकटात लोक सुरत-धुळे महामार्गाने नवापूर आणि कोंडाईबारी घाटातून आपल्याकडेच येतील. त्यांची तपासणी आणि निवारा कुठे, हे आधी ठरलेले असावे. ऊसतोडीसाठी आपल्या आदिवासी पाड्यांवरची कुटुंबे बारडोली-व्यारा भागात जातात आणि फडाशेजारच्या झोपड्यांत महिनोन् महिने राहतात. मतदार यादीवरून आखलेल्या योजनेत ती कुटुंबे सापडणार नाहीत, आणि गुजरातीतली सूचना मावची, भिली किंवा कोकणी बोलणाऱ्या आईपर्यंत पोहोचेलच असे नाही. साक्री तालुक्यातल्या कांदा उत्पादकाला नुसत्या अफवेने भाव पडण्याचा धोका आहे, म्हणून शेतमालाची किरणोत्सर्ग मोजणी आणि तिचे प्रमाणपत्र जिल्ह्यातच मिळाले पाहिजे. कचऱ्याचा साठा किती आणि तो कुठे आहे, याचा ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

यात लेखकांचे काम कोणते, ते सांगून थांबतो. अणुऊर्जेवरचे आपले लेखन बहुतेक वेळा गौरवगीत तरी असते किंवा शापवाणी तरी. सीमेवरच्या गावाला दोन्हींचा उपयोग नाही. त्याला दोन पानांची सूचना हवी आहे: अहिराणीत, मावचीत, भिलीत आणि कोकणीत, शाळेतल्या मुलीने आजीला वाचून दाखवावी आणि आजीला ती पटावी, अशी. मजकूर तपासायला वैज्ञानिक लागतील, वाटायला प्रशासन लागेल. पण ती लिहिता येण्याची कुवत या मंडपात बसलेल्यांकडे आहे. संमेलनाने आपल्या ठरावांत जिल्हा योजनेची मागणी करावी आणि ही सूचना लिहून देण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी, अशी अध्यक्ष म्हणून माझी विनंती आहे.