पॅकेजच्या जमान्यातलं 'मानापमान'

आजचा एपिसोड जुन्या नाटकांच्या नव्या व्हर्जनबद्दल. विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, "हात लावायचा नाही." दुसरा म्हणतो, "एवढं लांबलचक कोण बघणार?" मला वाटतं, आधी हे बघूया की काय काढलं तर नाटकच उरत नाही.

'संगीत मानापमान' घ्या. कृ. प्र. खाडिलकरांचं हे नाटक १९११ मध्ये रंगमंचावर आलं. चाली गोविंदराव टेंबेंच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरकडचाच माणूस! आज ज्या पदांना आपण 'अस्सल जुनं' म्हणतो, ती तेव्हा एकदम नवी होती. टेंबेंनी उत्तरेकडच्या ठुमरीच्या वळणाच्या चाली मराठी नाटकात आणल्या. नायिका भामिनीचं काम करायचे बालगंधर्व. आज ते काम बाई करते, कुणाची तक्रार नसते. २०२५ मध्ये सुबोध भावेंनी यावर सिनेमाही केला, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. सांगायचं काय, तर चाल बदलली, लांबी कमी केली म्हणून नाटक बाटत नाही.

मग जपायचं काय? गोष्ट बघा. श्रीमंत घरची भामिनी, तिच्यासाठी सुचवलेला धैर्यधर पराक्रमी पण गरीब. ती त्याला गरिबीवरून हिणवते. पुढे वनमाला नावाची साधी मुलगी बनून त्याच्याजवळ जाते, तेव्हा तिला माणूस दिसतो. आता आपल्या ग्रुपमधल्या लग्नाळू पोरांना विचारा, स्थळ आलं की पहिला प्रश्न काय असतो? "पॅकेज किती?" नकार द्यायचा भामिनीला पूर्ण हक्क होता. अपमान करायचा नव्हता. नव्या व्हर्जनमध्ये हा फरक स्पष्ट दिसला पाहिजे. नाहीतर ते 'श्रीमंत पोरीची खोड मोडली' एवढंच उरतं, आणि ते आज बघवणार नाही.

कलाकारांच्या गोष्टींचंही तसंच. केशवराव भोसले आणि बालगंधर्व, दोघांच्या नाटक कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. तरी ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत दोघांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. आपण हे सांगताना गाण्याच्या जुगलबंदीवरच थांबतो. पण मानापमानाच्या नाटकासाठी दोन मालकांनी स्वतःचा मान बाजूला ठेवला, खरी गोष्ट तिथे आहे. पुढे तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, केशवराव गेले. वय फक्त ३१.

शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अख्खं कोल्हापूर हळहळलं. भिंती, छप्पर, खुर्च्या परत करता येतात, त्याला इंजिनिअर आहेत. आत काय चालणार, ते मात्र तिकीट काढणारे ठरवतात. म्हणजे तुम्ही-आम्ही.

तर या महिन्यात एक तरी नाटक बघा, थिएटरात जाऊन. फोन सायलेंटवर ठेवून. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!