रिळाची आंघोळ

रत्नागिरीजवळच्या खडकावर गरवताना एकदा माझ्या गळाला मोठा मासा लागला. त्याने हिसका दिला आणि तंगुसाची दोरी तुटली. रिळातला ड्रॅग, म्हणजे माशाच्या ओढीबरोबर दोरी बेताने सोडणारी पकड, मिठाने आखडली होती. रीळ स्वस्तातले होते. पण दोष माझा. मी ते कधी धुतलेच नव्हते.

खाऱ्या पाण्यासाठीच्या महाग रिळात ड्रॅगच्या आणि दांड्याच्या फटींना रबरी सील असते, बेअरिंगही सहसा गंजाला दाद देत नाहीत. स्वस्त रिळात खारे पाणी आत शिरते. ते सुकले तरी मीठ उरते, हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद गंजते.

रोज लाटांच्या तुषारांत उभे राहणाऱ्याने सीलबंद रीळ घ्यावे. महिन्यातून एकदा धक्क्यावर बसणाऱ्याला स्वस्त रीळ पुरते. मात्र घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. पुसून सावलीत वाळवा, मग ड्रॅग सैल करा आणि अधूनमधून तेलाचा थेंब द्या. महाग रिळालाही ही आंघोळ चुकलेली नाही!