उतार आधी कुठला बांधावा?

शहाबादी फरशीवर मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या रांगल्या, पण स्केटबोर्डला ही फरशी मानवत नाही. बोर्डाचं चाक जेमतेम ५२ मिलिमीटर व्यासाचं आणि कडक असतं. दोन फरश्यांचा सांधा जरासा वरखाली असला तरी ते अडखळतं. मध्ये खडा आला तर बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि पोरगं तेवढं पुढे जातं. बिदर किल्ल्यातल्या खडबडीत जांभ्याचा तर प्रश्नच नाही. या खेळाला सलग, गुळगुळीत काँक्रीट लागतं. त्याचं सिमेंट कलबुर्गी जिल्ह्यातच वाडी, सेडम, मळखेड इथे तयार होतं. तेव्हा माल घरचाच आहे. बिदर-कलबुर्गी भागातल्या भालकीत किंवा आळंदमध्ये रॅम्प बांधायचे ठरले, तर पहिला कुठला बांधावा, एवढाच प्रश्न उरतो.

हाती निधी आला की उद्घाटनाच्या फोटोत भारदस्त दिसेल असा उंच रॅम्प बांधण्याचा मोह होतो. गाडं तिथेच फसतं.

नवशिक्यासाठी असतो तो बँक, म्हणजे साधा सरळ उतार. गुडघ्याएवढी उंची पुरते. चढायचं, वेग संपला की वळायचं, उतरायचं. वजन पुढच्या पायावरून मागच्या पायावर कसं जातं ते अंगवळणी पडायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्यानंतर मिनी रॅम्प: समोरासमोर दोन वक्र चढ आणि मध्ये सपाट पट्टी. उंची साधारण ३ ते ६ फूट, आणि वक्र माथ्यापाशीही उभा होत नाही. वक्राची त्रिज्या ८ फूट आणि उंची ४ फूट धरली, तर माथ्यावरचा कोन ६० अंशांचा येतो. मधली पट्टी बिनकामाची वाटते, पण पुढच्या चढाआधी तोल सावरायला क्षणभर मिळतो तो तिच्यामुळेच.

व्हर्ट रॅम्पची जातच वेगळी. तो ११ ते १४ फूट उंच असतो आणि वरचा भाग चक्क भिंतीसारखा उभा. टोनी हॉकने १९९९ मध्ये हवेत अडीच गिरक्या घेतल्या त्या अशाच रॅम्पवर. घर्षण सोडून हिशेब मांडला, तर ३ फुटांवरून सुटलेला बोर्ड तळाशी ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेग घेतो, १२ फुटांवरून ३०. शिकाऊ मुलाला हा फरक कोपरा-गुडघ्यांवर कळतो.

खरी परीक्षा ‘ड्रॉप-इन’ची. माथ्याच्या कडेला कोपिंग म्हणून लोखंडी पाइप बसवलेला असतो. त्यावर बोर्डाची शेपटी टेकवून मागचा पाय दाबून धरायचा. बोर्डाचं नाक हवेत. मग पुढचा पाय धाडकन खाली रोवायचा आणि अंगही त्याच्याबरोबर पुढे झोकायचं. भीतीने मागे रेललं की बोर्ड पुढे सटकतो आणि माणूस पाठीवर. ३ फुटांवर ही चूक परवडते.

उंच रॅम्पवाचून अडत नाही, याचे दाखले आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो स्ट्रीट आणि पार्क या दोन प्रकारांत. व्हर्टची स्पर्धा नव्हतीच. महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तेही स्ट्रीटमध्ये, जिथे पायऱ्या, कठडे आणि छोटे उतार असतात. खेडेगावातही हा खेळ रुजतो: मध्य प्रदेशातल्या जनवार गावात २०१५ मध्ये स्केटपार्क झालं. आधी शाळा आणि आधी मुली, हे तिथले नियम. राजस्थानातल्या खेमपूरला ‘स्केटर गर्ल’ या चित्रपटासाठी पार्क बांधलं गेलं आणि चित्रीकरण आटोपल्यावर ते गावच्या पोरांना खेळायला राहिलं. दिग्दर्शिका मंजरी माकिजनी ही ‘शोले’तल्या सांबाची, म्हणजे मॅक मोहनची मुलगी. बाप कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकावर बसून राहिला, लेकीने पोरांना उतारावर सोडलं!

बांधकामात मेख असते ती सपाट जमीन वक्राला मिळते तिथे. तिथे जराशी जरी धार राहिली, तरी चाकाला हिसका बसतो. म्हणून गवंड्याने नुसत्या नजरेवर विसंबू नये. त्रिज्येप्रमाणे कापलेला प्लायवूडचा साचा ओल्या काँक्रीटवरून फिरवावा आणि मग थापीने घोटावं. बिदरच्या उन्हात काँक्रीट झपाट्याने वाळून तडकतं, तेव्हा काम भल्या सकाळी उरकून वर ओलं गोणपाट टाकावं आणि निदान आठवडाभर ते वाळू देऊ नये. पावसाचं पाणी निघून जायची वाट मात्र काँक्रीट ओतण्याआधीच काढून ठेवावी.